ई-बँकिंगमुळे बँकेचा नफा खरंच वाढतो का?

तेरीज

नमस्कार मंडळी,

प्रबंधासाठी विषय घेतलाय: इलेक्ट्रॉनिक बँकिंगचा व्यापारी बँकांच्या आर्थिक कामगिरीवर होणारा परिणाम. घेतला तेव्हा सरळसोट वाटला होता. एका रकान्यात एटीएम, कार्ड, इंटरनेट आणि मोबाइलवरचे व्यवहार. दुसऱ्यात मालमत्तेवरचा परतावा, म्हणजे आपला आरओए, आणि शेजारी आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा. मध्ये रिग्रेशन, म्हणजे दोन्हींचा संबंध मोजणारं संख्याशास्त्रीय समीकरण. उत्तरही छान आलं: ई-व्यवहार जितके जास्त, तितका परतावा जास्त. मार्गदर्शक खूश.

मला मात्र चैन नाही. ज्या बँकांनी सगळ्यात आधी या यंत्रणा आणल्या, त्या आधीपासूनच दणदणीत नफ्यात होत्या. गाठीला पैसा होता म्हणून त्यांनी यंत्रणा घेतली. मग यंत्रणेमुळे नफा झाला की नफ्यामुळे यंत्रणा आली? त्यात वर्षांचा परिणाम वेगळा काढला तर माझा सुंदर निकाल बर्फासारखा वितळला.

तर बँकेत असलेल्या, असून गेलेल्या आणि बाहेरून बघणाऱ्या सगळ्यांना प्रश्न: नफा वाढला का? वाढला असेल तर नेमका कुठून? वार्षिक अहवालातली भाषा नको, ती मला पाठ झाली आहे.

तिरका_बाण

वाढणारच की. पूर्वी बँक आपल्याला पत्र पाठवायची स्वतःच्या खर्चाने. आता एसएमएस पाठवते आपल्या खर्चाने. (हलकेच घ्या.)

सई७

रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

खतावणी

चौतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. सुरुवात हाताने लिहायच्या खातेवह्यांपासून. सहामाही व्याज काढायचं म्हणजे अख्खी शाखा रात्र-रात्र बसायची. खात्याखात्याचे गुणाकार करायचे, मग बेरजा जुळवायच्या. बेरीज एका पैशाने चुकली तरी तो पैसा सापडेपर्यंत घरी जायचं नाही. एकदा असा पैसा शोधताना पहाट झाली, आणि शेवटी चूक निघाली ती ७ चा १ वाचल्याची.

कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर) आल्यावर तेच काम रात्रीत आपोआप होऊ लागलं. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता बँकेचा खर्च निम्म्यावर येणार. आला नाही. शाखेचं भाडं तेच, तिजोरी तीच, सुरक्षारक्षक तोच, रोकड नेणारी गाडी तीच. माणसं एका दिवसात कमी होत नसतात. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, इतकंच. तो फरक दिसायला दहाएक वर्षं गेली.

मग झालं काय? काउंटरवरची रांग आटली, आणि रांग सांभाळणाऱ्या माणसांना वरून टार्गेट आलं: विमा विका, कर्ज विका, म्युच्युअल फंड विका. माझ्या शाखेचा नफा वाढला तो यामुळे. यंत्राने खर्च वाचवला नाही, माणूस मोकळा केला. आणि त्या मोकळ्या माणसाला विकता येत नसेल तर नफाही नाही. माझ्या दोन उत्तम रोखपालांना विक्री कधीच जमली नाही. नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या गळ्यात काही मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

व्याजबट्टा

खतावणी यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. त्यांनी एका शाखेत पाहिलं ते मोठ्या प्रमाणावरही घडलंय.

पहिलं एटीएम लंडनजवळ एनफिल्डला, बार्कलेजच्या शाखेत, २७ जून १९६७ ला बसलं. यंत्र आलं म्हणजे रोखपाल गेला, असं सगळ्यांनी धरलं. अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतल्या रोखपालांची सरासरी संख्या २० वरून १३ वर आली, हे खरं. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखाच ४० टक्क्यांहून जास्त वाढवल्या. रोखपाल एकूण कमी झाले नाहीत. वाचलेला पैसा भागधारकाच्या खिशात गेला नाही, तो शेजारच्या बँकेशी चाललेल्या स्पर्धेत गेला.

दुसरं, 'एका व्यवहाराचा खर्च' हा आकडा फसवा आहे. शाखेतला व्यवहार महाग आणि मोबाइलवरचा जवळजवळ फुकट, असे तक्ते सगळ्यांनी पाहिलेत. पण शाखेत महिन्यातून एकदा जाणारा माणूस मोबाइलवर महिन्यातून एकदाच व्यवहार करतो का?

डेएंड

>> मोबाइलवर महिन्यातून एकदाच व्यवहार करतो का?

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मी बँकांच्या सर्व्हरच्या पलीकडच्या बाजूला बसतो. अ‍ॅपवर येणाऱ्या लोंढ्यात 'शिल्लक किती' बघणारेच फार. पगाराच्या दिवशी लोक दर दहा मिनिटांनी बघतात, जणू बघितल्याने वाढणार आहे. त्यातून बँकेला दमडी मिळत नाही, पण प्रत्येक वेळी सर्व्हरला काम पडतं. आणि क्षमता सरासरी दिवसाची ठेवून चालत नाही, महिन्यातल्या सगळ्यात वाईट तासाची ठेवावी लागते. उरलेला महिना ती बसून खाते.

खर्चाचं म्हणाल तर: सॉफ्टवेअरचं लायसन्स, त्याचं वार्षिक देखभाल शुल्क, दुसऱ्या शहरात हुबेहूब तशीच उभी केलेली आपत्कालीन यंत्रणा, व्यवहार एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे वळवणारा स्विच, सुरक्षा तपासण्या, दर काही वर्षांनी बदलायचं हार्डवेअर. आणि रिकन्सिलिएशन! ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, मधे लटकले. असे लटकलेले व्यवहार जुळवायला माणसं बसलेली असतात. खतावणी साहेबांचा एक पैसा आता सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, राहायला गेलाय. फरक एवढाच की आता तो एकटा नसतो.

खतावणी

सस्पेन्स खातं आमच्याही वेळी होतं हो. पण ते एका पानात मावायचं.

मधली_सुट्टी

वातावरण फारच उदास झालंय, म्हणून उलट बाजू मांडतो. सिंगापूरच्या डीबीएसने २०१७ मध्ये आपले डिजिटल आणि पारंपरिक ग्राहक वेगळे काढून हिशेब जाहीर केला. डिजिटल ग्राहकाकडून मिळणारं उत्पन्न सुमारे दुप्पट होतं, आणि उत्पन्नाच्या मानाने त्याच्यावरचा खर्च बराच कमी. याला काय म्हणाल?

व्याजबट्टा

याला 'चांगला ग्राहक' म्हणेन. :)

थट्टा नाही. तेरीज यांनी धाग्यात विचारलेला कोंबडी-अंड्याचा प्रश्न ग्राहकाच्या पातळीवरही तसाच आहे. अमेरिकेत घरच्या संगणकावरून बँकिंग करणाऱ्या ग्राहकांवर २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ते ग्राहक जास्त फायद्याचे निघाले, पण बहुतांश फरक आधीपासूनचा होता. ज्यांच्याकडे जास्त शिल्लक आणि जास्त खाती होती, तेच आधी ऑनलाइन गेले.

२०१० चा दुसरा एक अभ्यास तर त्याहून कडू आहे. त्यात एका बँकेचे ग्राहक ऑनलाइन आल्यानंतर काय झालं ते पाहिलं. काही कामं ऑनलाइन सरकली, पण एकूण व्यवहार इतके वाढले की ग्राहकामागचा खर्च वाढला आणि नजीकच्या काळातला नफा घटला. मात्र असे ग्राहक बँक सोडून कमी गेले. म्हणजे फायदा असलाच तर तो टिकण्यात होता, आणि टिकण्याचा फायदा त्या वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही.

तेरीज, दोन्हींची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत.

तेरीज

व्यनि मिळाला, खूप धन्यवाद! दुसरा पेपर वाचून मार्गदर्शकांचा चेहरा कसा होईल याची कल्पना करतेय.

सई७

मी बँकवाली नाही, नुसती खातेदार. पण टिकण्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे. कित्येक वर्षं माझे पैसे बचत खात्यात पडून होते. शाखेत जायचं, फॉर्म भरायचा, कोण करणार? मागच्या वर्षी एका रात्री झोप येत नव्हती म्हणून अ‍ॅप उघडलं आणि बहुतेक रक्कम दुसऱ्या बँकेच्या मुदत ठेवीत टाकली. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या पहिल्या बँकेचं यात नुकसानच झालं ना?

व्याजबट्टा

सई७, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे.

बँकेचा एक मोठा नफा कुठल्याही अहवालात स्वतंत्र रकाना घेऊन बसत नाही. तो म्हणजे ग्राहकाचा आळस. बाजारात व्याज जास्त असतानाही लोक बचत खात्यात नाममात्र दराने पैसे ठेवतात, कारण हलवायचा कंटाळा. चालू आणि बचत खात्यांतला तो स्वस्त पैसा म्हणजे बँकेचा प्राणवायू. ई-बँकिंगने कंटाळ्याचं कारणच काढून टाकलं. अमेरिकेत २०२२ पासून व्याजदर चढले तेव्हाच्या आकड्यांवरून संशोधकांनी हेच दाखवलं: ज्या बँका जास्त डिजिटल, त्यांच्या ठेवी जास्त वेगाने निघाल्या आणि राहिलेल्या ठेवींवर त्यांना दरही जास्त वाढवावा लागला.

तसाच फ्लोट. चेक वटायला दोन-चार दिवस लागायचे, तेवढे दिवस पैसा बँकेकडे वापरायला. आता सेकंदात इकडून तिकडे. ग्राहकाची गैरसोय ती बँकेची मिळकत होती.

तिरका_बाण

म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चाने दार रुंद केलं आणि लक्ष्मी त्याच दाराने बाहेर पडली.

डेएंड

आणि तिकडून किती वेगाने बाहेर पडते ते अमेरिकेतल्या, नंतर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने पाहिलं. ९ मार्च २०२३, एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी गेल्या. दुसऱ्या दिवसासाठी आणखी १०० अब्ज रांगेत उभे होते. २००८ मध्ये वॉशिंग्टन म्युच्युअल या तिथल्याच बँकेतून साधारण दहा दिवसांत १६.७ अब्ज गेले तेव्हा ते प्रचंड वाटलं होतं.

मधली_सुट्टी

थांबा, थांबा. ती बँक अ‍ॅपमुळे बुडाली हे मान्य नाही. दीर्घ मुदतीचे रोखे घेऊन ठेवले, व्याजदर चढले, रोख्यांच्या किमती पडल्या. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी ठेव-विम्याच्या मर्यादेबाहेर, आणि ठेवीदार सगळे एकमेकांना ओळखणारे. फोनच्या जागी नुसत्या स्लिपा असत्या तरी ती बँक गेलीच असती.

डेएंड

गेली असती, पण हळू गेली असती. नियंत्रकाला शनिवार-रविवार मिळाला असता. पूर्वी काउंटर पाचला बंद व्हायचं, त्याचीही काही किंमत होती.

मधली_सुट्टी

ठीक. अर्धा गुण दिला.

खतावणी

ठेवींवरून निघालंच आहे तर फीबद्दल कोणी बोलेल का? आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे, व्याजाचं उत्पन्न पातळ होणार, पुढचा जमाना शुल्काचा. डिमांड ड्राफ्टवर कमिशन मिळायचं, पैसे पाठवण्यावर मिळायचं. ते सगळं ऑनलाइन फुकट झालं. मग शुल्क उरलं कशावर?

व्याजबट्टा

कार्डावर उरलं होतं, त्यावर सरकारांची नजर गेली. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांचं डेबिट कार्डावरचं इंटरचेंज (दर व्यवहारामागे व्यापाऱ्याच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला मिळणारं शुल्क) साधारण २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के एवढ्यावर बांधलं गेलं. आधी सरासरी ४४ सेंट होतं. बँकांनी मग बिनशुल्क खाती आटवून त्यातली काही भरपाई केली. युरोपात २०१५ च्या नियमांनी डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के मर्यादा आली. भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क थेट शून्य. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स ही झटपट पैसे पाठवायची यंत्रणा आणली, सामान्य माणसाला मोफत, आणि मोठ्या बँकांना सामील होणं सक्तीचं.

म्हणजे रस्ता बांधायचा बँकांनी, आणि टोल लावायचा की नाही हे ठरवणार दुसराच. म्हणून 'ई-व्यवहारांची संख्या' हा आकडा देशोदेशी वेगळा अर्थ सांगतो. एकीकडे दर व्यवहारामागे चार पैसे येतात, दुसरीकडे दर व्यवहारामागे चार पैसे जातात. दोन्ही एकाच समीकरणात टाकले की काय निघणार?

मधली_सुट्टी

पण रस्त्यावरून येणारी गिऱ्हाइकं? केनियाचं पाहा. २००७ मध्ये फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा आलं, तेही सफारीकॉम या मोबाइल कंपनीचं. बँकांना वाटलं, आपलं ताट पळवलं. पण २०१२ मध्ये तिथल्याच एका व्यापारी बँकेने, कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकाने, सफारीकॉमबरोबर एम-श्वारी सुरू केलं. फोनवरच बचत, फोनवरच छोटं कर्ज. मोजक्या शाखांची, बड्या खातेदारांची बँक, तिच्याकडे लाखोंनी छोटे खातेदार आले. शाखा उघडून ते कधीच परवडलं नसतं. नफा व्यवहाराच्या शुल्कात नव्हता, व्यवहारातून दिसणाऱ्या माणसाला कर्ज देण्यात होता.

सई७

हे पटलं. म्हणजे खतावणी काका म्हणाले तसंच की. यंत्राने माणूस मोकळा केला, आणि इथे यंत्राने माणूस दाखवला.

अनामिक_ठेवीदार

शाखाच नको, सगळं ऑनलाइन ठेवलं तर? भाडं नाही, पगार नाही, नफाच नफा.

व्याजबट्टा

करून झालंय. सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक, अमेरिका, ऑक्टोबर १९९५, निव्वळ इंटरनेटवरची पहिली बँक. तीन वर्षांत बँकेचा धंदा रॉयल बँक ऑफ कॅनडाला विकला. गंमत म्हणजे तिचं सॉफ्टवेअर बनवणारी एस-वन ही कंपनी वेगळी राहिली आणि पुढे बरीच वर्षं इतर बँकांना सॉफ्टवेअर विकत राहिली. बँक-वन या मोठ्या बँकेने १९९९ मध्ये विंगस्पॅन नावाची अशीच बँक काढली आणि २००१ मध्ये गुंडाळली.

शाखेचं भाडं वाचतं, पण अनोळखी नावाकडे ठेवी ओढायला व्याज जास्त द्यावं लागतं आणि जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो.

तिरका_बाण

सोन्याच्या खाणीत फावडी विकणारा नेहमी तरतो. डेएंड यांचा पगार बघा.

डेएंड

माझा पगार बघायला अ‍ॅप उघडू नका, सर्व्हरवर ताण येतो.

अनामिक_ठेवीदार

चोऱ्यांचं काय? बांगलादेशात बँकेचे कोट्यवधी डॉलर संगणकावरून नेले होते ना?

मधली_सुट्टी

ती बांगलादेशची मध्यवर्ती बँक, फेब्रुवारी २०१६. व्यापारी बँकांच्या कामगिरीत ती धरता येणार नाही. विषय सोडून नको.

डेएंड

तितकं सोडूनही नाही. त्यातले ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये ज्या बँकेतून बाहेर पडले ती आरसीबीसी, व्यापारी बँकच. तिथल्या नियंत्रकाने तिला १ अब्ज पेसोंचा दंड केला.

पण माझ्या मते चोरीपेक्षा मोठा धोका घरचाच असतो. यूकेच्या टीएसबीने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. त्या वर्षी त्या गोंधळापोटी ३३ कोटी पौंड खर्च, ८० हजार ग्राहक गेले, बँक तोट्यात, मुख्याधिकारी पायउतार. २०२२ मध्ये वर ४.८६५ कोटी पौंडांचा दंड. एका शनिवार-रविवारचं काम! आमच्या विभागात हे नाव घेतलं की लोक आवाज खाली आणतात.

आणि ज्या डीबीएसचं कौतुक वर झालं, तिच्या सेवा २०२३ मध्ये वारंवार कोलमडल्या. सिंगापूरच्या नियंत्रकाने सहा महिने नवे उद्योग काढायला बंदी घातली, आणि कार्यजोखमीपोटी (यंत्रणा बंद पडणं, चुका अशा धोक्यांपोटी) जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. जास्त भांडवल म्हणजे आरओईवर थेट घाव.

खतावणी

आमच्या वेळी वीज गेली की मेणबत्ती लावून काम चालायचं.

तिरका_बाण

आणि ७ चा १ वाचला जायचा.

खतावणी

ते अजून विसरला नाहीत! मान्य.

तेरीज

दोन दिवस नुसती वाचत होते. मंडळी, माझ्या समीकरणाचं तुम्ही पोस्टमॉर्टेम केलंत, आणि मला बरं वाटतंय.

आता असं ठरवतेय: आरओएकडे एकदम जायचंच नाही. तो शेवटचा आकडा आहे, त्यात सगळं विरघळून जातं. आधी तीन तुकडे करते. एक, ठेवींची किंमत आणि निव्वळ व्याजाचा फरक, इथे सई७ यांचं निद्रानाशाचं प्रकरण येईल. दोन, शुल्क, तेही नियम बदलण्याच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं. तीन, परिचालन खर्च, त्यातही माणसांचा वेगळा, यंत्रणेचा वेगळा. एक तुकडा वर गेला आणि दुसरा खाली गेला, तर बेरीज शून्य येईल, पण ते 'परिणाम नाही' असं होत नाही.

अडचण एकच. यंत्रणेचा खर्च अहवालात नीट सापडत नाही. काही 'इतर खर्चा'त, काही घसाऱ्यात, काही बाहेरच्या सेवांत.

व्याजबट्टा

तुकडे करणं उत्तम. एक गोष्ट घाला: विलंब. स्पॅनिश बँकांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेट सुरू केल्यावर खर्चातली घट आणि नफ्यातली सुधारणा दिसायला साधारण दीड वर्ष लागलं. आणि इंटरनेट शाखांच्या जागी आलं नव्हतं, शाखांच्या जोडीला आलं होतं. त्याच वर्षीच्या ई-व्यवहारांशी त्याच वर्षीचा नफा जोडलात तर फक्त बिलं दिसतील.

मात्र सगळ्यांनीच यंत्रणा घेतल्यावर तुलना कोणाशी करणार हा पेच राहतोच. ज्या बँकेने ती घेतली नाही, तिचं काय झालं असतं, हा आकडा कुठल्याच ताळेबंदात नसतो.

मधली_सुट्टी

त्यासाठी उशिरा आलेल्या छोट्या बँका शोधा. एकाच सुमारास काहींनी घेतली, काहींनी दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळातल्या त्यांच्या ठेवी बघा. मला वाटतं, नफ्याआधी तिथे फरक दिसेल.

डेएंड

घसाऱ्याच्या परिशिष्टात 'संगणक व सॉफ्टवेअर' अशी वेगळी ओळ असते बघा, ती वर्षावर्षाने काढा. बाहेरच्या सेवांचं मात्र कठीण आहे. तिथे एटीएमची देखभाल आणि सफाई कंत्राट शेजारी शेजारी नांदतात.

खतावणी

तेरीज, शाखेच्या पातळीवर खर्चाचे रकाने प्रत्यक्षात कसे भरले जायचे ते मी सांगू शकेन. 'किरकोळ' या रकान्यात आम्ही काय काय ढकललंय हे कुठल्याच अहवालात मिळायचं नाही. व्यनि करतो, जरा लांब होईल.

तिरका_बाण

व्यनि नको, इथेच लिहा. 'किरकोळ' वर वेगळा धागा झाला पाहिजे.